हौशी बाहुलीनाट्य गटासाठी पैसा कसा उभा करावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावातले आठ जण, त्यात तीन शिक्षक, एक बँकेतली नोकरदार, बाकी कॉलेजची मुलं. गेल्या गणेशोत्सवात त्यांनी हातबाहुल्यांचे तीन प्रयोग केले, लोकांना आवडले. आता बाहुल्या जिच्यामागून हलवतात ती चौकट, माइक, नव्या बाहुल्या आणि वर्षभराचा खर्च धरून १,२०,००० रुपये हवेत. विचारतात की संस्था नोंदवावी का, कंपन्यांकडे जावं का, की मोबाइलवरून लोकवर्गणीचं आवाहन करावं.

मी सांगलीत बावीस वर्षं असाच एक गट चालवते आहे. आम्ही सगळे नोकरी-संसार सांभाळून बाहुल्या हलवणारे. पैशाच्या बाबतीत बहुतेक चुका करून झाल्यात, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पहिल्यांदा तुमचा १,२०,००० चा आकडा फोडा. तुम्ही पाठवलेल्या यादीत लाकडी-पीव्हीसी चौकट आणि पडदे १८,०००, स्पीकर आणि हेडसेट माइक ३५,०००, बारा नव्या बाहुल्या २४,०००, पत्र्याच्या पेट्या ८,००० असे ८५,००० रुपये आहेत. हा पैसा एकदाच लागणार. उरलेले ३५,००० म्हणजे टेम्पो, तालमीच्या खोलीचं भाडं, दुरुस्ती, चहापाणी. हा दरवर्षी लागणार. या दोन पैशांची जात वेगळी आहे. एकदाच लागणारा पैसा मागून आणावा, दरवर्षी लागणारा कमवावा. टेम्पोच्या भाड्यासाठी देणगी मागितली की देणारा एकदा देतो, दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसते. पण ‘या पेटीतला राक्षस तुमच्यामुळे उभा राहिला’ असं दाखवता आलं, तर तोच माणूस नातवंडांना घेऊन प्रयोगाला येतो.

आपल्या सांगलीत हे सांगायला लांबचं उदाहरण नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय थांबला, भाव्यांच्या डोक्यावर कर्ज. मग ते मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक टिकलं ते त्या तिकिटावर. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, पुढे रामदास पाध्ये यांनी त्या जपल्या आणि पुन्हा रंगमंचावर हलवल्या, हे आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. एका दात्याच्या जिवावर गट उभा केला की त्या दात्याबरोबर गट बसतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचंही तेच झालं. सावंतवाडी संस्थानचा आधार होता तोवर कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेल्या गोष्टी, देवळादेवळांतून चालल्या. तो आधार गेला आणि कुटुंबांमागून कुटुंबांनी पोथ्या बासनात बांधल्या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय मांडलं, पाहुण्यांना खेळ दाखवले, कला शिकवली, तेव्हा ती परंपरा लोकांच्या नजरेत परत आली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कमवायच्या पैशाकडे येते, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

प्रयोगाची बिदागी ठरवताना संकोच करू नका. हौशी म्हणजे फुकट, हा समज आपणच पसरवलेला आहे. शाळेला एकरकमी आकडा सांगितला की मुख्याध्यापिकांच्या कपाळाला आठी पडते. ‘मुलामागे २५ रुपये’ म्हटलं की त्या लगेच हिशेब करतात, कारण सहलीचा आणि स्नेहसंमेलनाचा हिशेबही त्या तसाच करतात. पहिली ते चौथीची २५० मुलं असतील तर ६,२५० रुपये होतात. एकाच सकाळी दोन प्रयोग करा, प्रत्येकी सव्वाशे मुलांचे. एकदम सगळ्यांना बसवू नका. हातबाहुली दीड फुटाची, तिचा चेहरा आठव्या-दहाव्या रांगेपलीकडे दिसत नाही. मागची मुलं दंगा करतात आणि शाळा म्हणते की खेळ रंगला नाही.

हे मी पैसे मोजून शिकले. सहाव्या वर्षी आम्ही मोठं नाट्यगृह भाड्याने घेतलं, तिकीट लावलं. भाडं, जाहिरात, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहितेचं प्रमाणपत्र, बाकीच्या परवानग्या, सगळं रीतसर केलं. अर्ध्याच्या वर खुर्च्या भरल्या, तरी मागच्या लोकांना फक्त चौकट दिसत होती. एक आजोबा मध्यंतरात येऊन शांतपणे म्हणाले, “बाई, आवाज छान आहेत, रेडिओसारखे.” पुढचे आठ महिने आम्ही तो तोटा फेडत होतो. बाहुलीनाट्याला लहान जागा लागते, म्हणून एका प्रयोगाचं उत्पन्नही लहानच राहतं. मोठ्या नाटकाचं गणित इथे लावू नका. वाचनालयाचा हॉल, शाळेची प्रार्थनेची जागा, मंगल कार्यालयाची गच्ची, सोसायटीचं पार्किंग, या आपल्या जागा.

वर्षाला असे बारा दिवस मिळाले, दिवसाला सरासरी ६,००० धरले, तर ७२,००० होतात. तुमचा ३५,००० चा चालू खर्च निघून नव्या नाटकाची सोय होते. बारा दिवस म्हणजे महिन्याला एक, पण ते महिन्याला एक असे येत नाहीत. जून-जुलैत शाळा पुस्तकं आणि गणवेशात असतात, तेव्हा विचारायला जाऊ नये, तालमी कराव्यात. गणेशोत्सव, नवरात्र, १४ नोव्हेंबरचा बालदिन, डिसेंबर-जानेवारीतली स्नेहसंमेलनं, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, हा आपला सुगीचा काळ. गणेश मंडळांची वर्गणी आणि कार्यक्रम पत्रिका श्रावणातच ठरते, त्यामुळे भाद्रपदात गेलात तर हात हलवत परत याल. २१ मार्च हा जागतिक बाहुलीनाट्य दिन, पण आपल्याकडे तो परीक्षांच्या तोंडावर येतो. शाळांचा नाद सोडून त्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात मोठ्यांसाठी खेळ ठेवा. मोठी माणसं बाहुल्या बघायला येत नाहीत असं वाटतं, पण येतात, आणि देणारेही तेच असतात. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन तर आपल्या जिल्ह्याचा घरचा दिवस. त्या दिवशी भाव्यांच्या बाहुल्यांची गोष्ट सांगणारा वीस मिनिटांचा खेळ तयार ठेवलात तर बोलावणी येतील.

बिदागीचा अर्धा भाग विसार म्हणून आधी घ्या. मंडळ ओळखीचं असलं तरी घ्या, किंबहुना ओळखीचं असलं तर नक्कीच घ्या. एका मंडळाने विसर्जनानंतर देतो म्हणून आम्हाला दोन वर्षं झुलवलं, आणि ओळख होती म्हणूनच आम्हाला तोंड उघडता आलं नाही. कागदावर चार ओळी पुरतात. तारीख, वेळ, किती मुलं, वीज आणि सावलीची सोय कोणाची, पैसे कधी, आणि पाऊस आला तर काय.

आमचं सगळ्यात भरवशाचं उत्पन्न मात्र प्रयोगांचं नव्हे, उन्हाळी शिबिराचं आहे. एप्रिल-मे महिन्यात पाच दिवस, रोज दोन तास, वीस मुलं. प्रत्येकी ९०० रुपये घेतले तर १८,००० होतात. कागदाचा लगदा, फेविकॉल, रंग, लोकर, जुने मोजे, कापडाचे तुकडे मिळून मुलामागे १५० म्हणजे ३,०००. जागेचे अडीच हजार. साडेबारा हजार हातात राहतात. वीसच्या वर मुलं घेऊ नका, लगद्याचं डोकं वाळायला दीड-दोन दिवस लागतात आणि चाळीस ओली डोकी ठेवायला जागा नसते. पहिल्या दिवशी डोकं, तिसऱ्या दिवशी रंग, चौथ्या दिवशी झगा, पाचव्या दिवशी आई-बाबांसमोर दहा-दहा मिनिटांचे खेळ, असा क्रम ठेवा. त्या पाचव्या दिवशी प्रेक्षकांत सोसायटीचे सेक्रेटरी असतात, शाळेतल्या बाई असतात, पतसंस्थेचे संचालक असतात, सगळे पालक म्हणून आलेले. आमची निम्मी बोलावणी त्या पाचव्या दिवसातून निघतात. दोन-तीन जागा फी न भरू शकणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवा. कोण फी देऊन आलंय आणि कोण नाही हे बाकीच्यांना कळू देऊ नका.

झोळीबद्दल. प्रयोगानंतर झोळी फिरवायला अनेक शिकल्यासवरल्या लोकांना लाज वाटते. मला कधीच वाटली नाही. वासुदेव, गोंधळी, पोतराज अंगणात येत त्या घरांत वाढलेली आपली माणसं आहेत, खेळ बघून ओंजळीत काही टाकायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. फक्त माणसाने झोळी धरू नये, बाहुलीने धरावी. आमच्याकडे एक म्हातारी आहे, पाठीत वाकलेली, तिच्या हातात तार घालून छोटी पिशवी शिवली आहे. शेवटच्या प्रवेशाआधी ती चौकटीबाहेर येते आणि मुलांशी बोलत बोलत रांगांतून जाते. शेवटानंतर पाठवू नका, तोवर लोक चपला शोधत असतात. ज्यांनी बिदागी देऊन बोलावलंय त्यांच्याकडे झोळी फिरवायची नाही, हा आमचा नियम. चौकात, बागेत, देवळाच्या ओट्यावर केलेल्या मोफत खेळालाच ती म्हातारी बाहेर येते. आणि जागेच्या मालकाला आधी विचारायचं.

आता ते ८५,००० रुपये.

कंपन्यांचा सामाजिक निधी सध्या डोक्यातून काढून टाका. २०१३ च्या कंपनी कायद्याने ५०० कोटी नक्त मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा असलेल्या कंपन्यांना तो खर्च बंधनकारक केला खरा, पण तो घेणारी संस्था नोंदणीकृत लागते, करसवलतीची नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून सरकारकडे त्यासाठी वेगळी नोंदही लागते, आणि मागच्या कामाचे अहवाल लागतात. आठ माणसांच्या गटाचं वर्ष त्या कागदांत जाईल. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक अनुदानांचंही तसंच, नोंदणीची आणि कामाची काही वर्षं पाठीशी लागतात. आज अर्ज नका करू. पण आजपासून प्रत्येक प्रयोगाचा फोटो, आमंत्रणपत्र, बातमीचं कात्रण आणि पावती एका फाइलीत लावायला सुरुवात करा. तीन वर्षांनी तीच फाइल तुमचा अर्ज असेल.

तुमच्यासाठी पैसा जवळ आहे. तासगाव म्हणजे बेदाण्याची पेठ, सांगलीत हळदीचे व्यापारी, भोवती साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था. सहकारी संस्थांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि नफ्याची वाटणी तिथे ठरते. पत्र मे-जूनमध्ये, ताळेबंद हातात आल्यावर आणि सभेची विषयपत्रिका छापण्याआधी गेलं पाहिजे. पत्रात ‘कलेची सेवा’, ‘संस्कृतीचं जतन’ असं काही लिहू नका, असली पत्रं त्यांना आठवड्याला दहा येतात. लिहा की स्पीकर आणि चार हेडसेट माइक हवेत, किंमत ३५,०००, सोबत दुकानाचं दरपत्रक जोडलं आहे, बदल्यात तुमच्या सभासदांच्या मुलांसाठी दोन प्रयोग करू आणि वर्षभर स्पीकरच्या खोक्यावर संस्थेचं नाव राहील. धनादेश थेट दुकानदाराच्या नावे काढा असंही सुचवा. ही एक ओळ विश्वास मिळवून देते.

बाहुल्यांसाठी माणसं गाठा. एक बाहुली २,००० रुपये. देणाऱ्याच्या नातवाचं किंवा आईचं नाव झग्याच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या पट्टीवर दोऱ्याने शिवा. प्रेक्षकांना ते दिसत नाही, पण प्रयोगानंतर त्या कुटुंबाला पडद्यामागे बोलावून झगा उलटून दाखवा. आमच्या एका सिंहाच्या आत एका आजींच्या गेलेल्या यजमानांचं नाव आहे. त्या दर दिवाळीला सिंहासाठी म्हणून पाकीट पाठवतात. आम्ही त्यातून सिंहाची आयाळ दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा त्यांना फोटो नेऊन दाखवला.

मोबाइलवरच्या लोकवर्गणीच्या आवाहनाबद्दल माझा अनुभव असा, की अनोळखी माणूस त्यावर जवळजवळ देत नाही. देतात ते तुमचेच भाऊ, मैत्रिणी, जुने विद्यार्थी, आणि मध्ये आवाहन चालवणारी कंपनी आपला वाटा कापते. मग थेटच विचारा ना. दोन मिनिटांची चित्रफीत करा. तिच्यात तुम्ही बोलू नका, बाहुलीला बोलू द्या, आणि एकच वस्तू मागा.

परदेशातल्या आप्तांकडून पैसे घेताना मात्र सावध. परकीय देणगीचा २०१० चा कायदा आहे. अमेरिकेत राहणारा तुमचा मामेभाऊ अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय ठरते आणि परवानगीशिवाय संस्थेला घेता येत नाही. माणूस तोच, आडनाव तेच, तरी फरक पडतो. विचारून घ्या, वाईट वाटू देऊ नका.

वस्तूंची मदत लोक विसरतात. इचलकरंजीत कापडाच्या गाठी बांधताना उरलेले तुकडे मिळतात, शिंप्याकडे कातरण मिळतं. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांकडे तंबोऱ्याला न चालणारे, तडा गेलेले लहान भोपळे असतात. हलके, पोकळ, वाटोळे. आमच्या तीन राजांची डोकी त्या भोपळ्यांची आहेत आणि लगद्यापेक्षा ती जास्त टिकली. फुकट मिळालं तरी वहीत त्याची किंमत आणि देणाऱ्याचं नाव लिहा, पुढे अनुदानाच्या अर्जात तो तुमचा वाटा म्हणून दाखवता येतो.

स्मरणिका एकदा काढा, दरवर्षी नको. सोळा पानांच्या वर जाऊ नका. जाहिरातीचे पैसे हातात आल्याशिवाय छापखान्याला शब्द देऊ नका.

संदेशाच्या प्रयोगांवर जरा थांबते, कारण त्यात पैसा आहे आणि धोकाही. नगरपालिका, दवाखाने, बँका कचरा, लसीकरण, मुलांची सुरक्षितता अशा विषयांवर प्रयोग मागतात आणि बरी बिदागी देतात. बाहुली अवघड गोष्ट सोपी करून सांगते हे खरंच आहे. मुलांवर होणाऱ्या अत्याचारांसारख्या विषयावर बाहुलीनाट्य करणाऱ्या मीना नाईक यांनी केलेलं काम बघा, नाट्य कुठेही सुटत नाही. घोषणा पाठ करणारी बाहुली मात्र मेलेली असते. आम्ही एका वर्षी सगळे अकरा प्रयोग मागणीनुसार संदेशाचे केले. पैसे मिळाले, पण गटातली दोन गुणी मुलं सोडून गेली. त्यानंतर ठरवलं की तीनात एकच प्रयोग मागणीचा, आणि संहिता आपली. संवादात कुणाच्या दुकानाचं, पुढाऱ्याचं नाव घालायचं नाही. ते नाव प्रयोगाआधी आभार म्हणून घ्यावं, भरपूर घ्यावं.

पैसे घेऊन प्रयोग करायचे तर टीव्हीवरची कार्टून पात्रं आणि सिनेमाची गाणी वापरू नका, हक्क दुसऱ्यांचे असतात. पंचतंत्र आहे, आजीच्या कहाण्या आहेत, तुमच्यातला एखादा पेटी वाजवणारा असेलच. पिंगुळीच्या कलावंतांना शिकवायला किंवा प्रयोगाला बोलावलंत तर त्यांचं मानधन आणि प्रवासखर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. तो त्यांचा चरितार्थ आहे.

आता नोंदणी. माझं मत, पहिली दोन वर्षं करू नका. सात माणसं जमली की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, महाराष्ट्रात सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही ती नोंदवावी लागते. पण नंतर दरवर्षी लेखापरीक्षण आलं, कार्यकारिणीत बदल झाला की तो कळवणं आलं. बाहुल्या बाजूला पडतात आणि कागद हलवावे लागतात. त्याऐवजी गावातल्या जुन्या वाचनालयाच्या किंवा नाट्यसंस्थेच्या छत्राखाली काम करा. देणगी त्यांच्या खात्यात, पावती त्यांची, तुमचं खातेपान वेगळं, आणि हे सगळं त्यांच्या ठरावात लिहून घ्या. त्यांना ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत असेल तर देणाऱ्यालाही फायदा होऊ शकतो. फक्त २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही हे सांगा, धनादेश किंवा यूपीआय मागा. छत्र मिळालंच नाही आणि लोकांत पावतीपुस्तक घेऊन फिरायचंच असेल, तर गणेश मंडळं घेतात तशी त्याच १९५० च्या कायद्यातल्या कलम ४१ क ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून आधी घ्या.

कुणाच्याही पगाराच्या खात्याचा क्यूआर कोड चौकटीला चिकटवू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी असं झालं होतं. एक पैसाही गेला नाही, पण हिशेब विचारणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही अवघड झालं, आणि ती मैत्री पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. जमाखर्चाची वही एकाकडे, पैशांच्या पेटीची किल्ली दुसऱ्याकडे. दर तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर वही वाचायची, आठ जण जमिनीवर बसून, शेवटच्या चहाच्या पैशापर्यंत.

तुमच्या यादीतला एक खर्च आजच कमी करता येईल. आमची जुनी पीव्हीसीची चौकट पडून आहे, सहा फुटी, हातबाहुल्यांना पुरेशी, दोन सांधे बदलावे लागतील. पडदे विरलेत, ते घेऊ नका, काळ्या कॅसमेंट कापडाचे नवे शिवा. येत्या रविवारी सकाळी या, येताना दोघं जण या आणि बांधायला दोरी आणा. एसटीच्या टपावर आम्ही ती अनेकदा नेली आहे. यादीतल्या १८,००० वर काट मारून तिथे पडद्यांचे आणि सांध्यांचे ४,००० लिहा, आणि ८५,००० चा आकडाही त्याप्रमाणे दुरुस्त करा.